उजवी बाही राहिली

४ जानेवारी

खारूताई,

विसरायचंच होतं तर माझं वय विसरायचंस. ते तुला बरोबर आठवतं, दर पत्रात 'आता या वयात' म्हणून टोचतेस. आजी काय खात नाही, एवढंच डोक्यातून गळतं. लहानपणीच तुझ्या डोक्याला दुहेरी शिवण मारायला हवी होती.

बिस्किटांचा डबा पोचला. जहाजावरची कडक बिस्किटं. ती मी खात नाही. का, ते तू सात वर्षांची असताना विचारलंस, तेव्हा मी 'दात नाहीत' म्हणाले. तोंडात तीस दात होते माझ्या, आणि तू ते बघत बघत मान डोलावलीस. अशी तू.

डबा टपालना दिला. टपाल म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. आधी पत्रं लिहून देणारी शेजारीण मुलीकडे राहायला गेली, तेव्हापासून हे लिहितात आणि तुझी पत्रं वाचूनही दाखवतात. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाहिली, पण आत काय असतं ते कधी कळलं नाही, म्हणून आता हौस भागवून घेतायत. (मावशींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. हौस वगैरे काही नाही. — टपाल)

तुझ्या शिवणखान्यातलं काही कळव. सध्या कुणाची बाही तुझ्या मांडीवर आहे? मला अक्षर येत नाही, पण बाही वाचता येते. मनगटावर एकच जाड सोनेरी पट्टी, तो कमोडोर. त्या जाडीच्या वर एक बारीक, तो रिअर ॲडमिरल. दोन बारीक, व्हाइस ॲडमिरल. तीन बारीक आल्या की पुरा ॲडमिरल, म्हणजे सगळ्या आरमाराचा मुख्य. चौथी बारीक पट्टी मोठं युद्ध जिंकणाऱ्यासाठी असते. तिची फीत माझ्या कपाटात पंचवीस वर्षं पडून होती, शेवटी कसरीने जिंकली.

तीन बारीकवाले मी आयुष्यात पाच शिवले. तू एक तरी शिवलास का? शिवशील तेव्हा कळव. नाव नको. नाव मला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. माणूस कसा उभा राहतो ते लिही.

आजी


१५ जानेवारी

प्रिय आजी,

बिस्किटांचं चुकलं. पुढच्या वेळी सुके अंजीर पाठवते.

तुझी जीभ काळी आहे. पत्र आलं त्याच दिवशी वरून निरोप आला. नवा मुख्य ठरला. सध्या व्हाइस ॲडमिरल आहेत, एकतीस मार्चला पदभार घेतील. त्यांच्या कोटावर तिसरी बारीक पट्टी मी शिवायची. आमचे मास्तर म्हणाले, "हात थरथरला तर तुझाच काय, माझाही कोट जाईल."

तू विचारलंस, कसे उभे राहतात. माप द्यायला आले तेव्हा आरशासमोर दोन्ही हात पुढे ताणून धरले आणि दोन्ही मनगटांकडे आळीपाळीने बघितलं, पट्ट्या एका रेषेत आहेत का म्हणून. असं करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बोलायला चांगले आहेत. माझे टाके बघून "हा हात कुणी शिकवला?" असं विचारलं. मी म्हटलं, आजीने. पुढे काही विचारलं नाही.

मुख्यालयाच्या मोठ्या मार्गिकेत त्यांच्या नोकरीचे फोटो लावलेत, माणसाएवढे मोठे करून. एक आपल्याच बंदरातला आहे. जहाज धक्क्याच्या भिंतीवर आपटलं होतं ना, त्या दिवसाचा. हे तेव्हा तरुण होते, त्यांनी पाण्यातून माणसं काढली. फोटोत एका खलाशाच्या अंगावर घोंगडी टाकतायत. आजोबांची नोकरी त्याच अपघातात गेली ना? तू कधी नीट सांगितलं नाहीस.

एक गंमत. माझा डोळा चेहऱ्याआधी बाहीवर जातो, तुझीच सवय. त्या फोटोत त्यांच्या एका बाहीला दोन पट्ट्या दिसतात आणि दुसरीला अडीच. फोटो जुना आहे, डाग पडला असेल.

तुझी,
खारू


२२ जानेवारी

खारूताई,

डाग नाही तो. तो माझा हात आहे.

टपाल, जसं सांगते तसं लिहा, मधे कंस घालू नका.

मनगटं जुळवून बघणारा तो माणूस मी ओळखते. आमच्या शिवणखान्यात त्याचं नाव 'अर्धा' होतं. त्याच्या हाताला तेव्हा दोन जाड पट्ट्या होत्या आणि मधली बारीक, म्हणजे अर्धी, मिळायची होती. तिच्यासाठी त्याने आमचा उंबरठा झिजवला. आज आली का, उद्या येईल का. पट्टी काय आम्ही वाटतो?

त्या दिवशी सकाळी नऊला त्याच्या बढतीचा कागद बंदरात आला. त्याच वेळी त्याचं जहाज एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर न्यायचं होतं. तासाभराचं काम. कप्तान रजेवर होता, जहाज याच्या हवाली. आणि सुकाणूवर तुझा आजोबा.

आता नीट ऐक. सुकाणू धरणाऱ्याला समोरचं धड दिसत नाही. वर उभा असलेला अधिकारी म्हणतो डावीकडे, की याने चाक डावीकडे फिरवायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही, तीच त्याची शिस्त. अर्धा तुझ्या आजोबाला म्हणाला, "तू रोजचाच आहेस, ने पुढे. मी तिकडच्या धक्क्यावर चढतो." आणि कागद खिशात घालून माझ्याकडे आला. कोट काढून माझ्या मांडीवर टाकला. म्हणाला, "बाई, आत्ता हवी. दुपारी फोटो आहे."

मी नेहमी डावी बाही आधी शिवते. डावी झाली. उजवीत सुई घातली आणि बंदराचा भोंगा वाजला. त्याने माझ्या मांडीवरून कोट ओढला. सुई माझ्या तळहातात घुसली. तो धावत गेला, डाव्या हाताला अडीच पट्ट्या आणि उजव्याला दोन, असा.

तुझा आजोबा खालून, चाकापासून, तीनदा ओरडला होता, "हुकूम काय?" म्हणून. वरून कुणी बोललं नाही. जहाज भिंतीवर गेलं. अर्ध्याला उतरताना ज्या दोघांनी पाहिलं होतं तेच दोघे पुढच्या टोकाला उभे होते. दोघे बुडाले. बाकीचे खाली यंत्रावर, त्यांना वरचं काय माहीत.

तुझ्या फोटोतल्या घोंगडीत तुझा आजोबा आहे. घोंगडी टाकताना अर्धा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "मी डावीकडे म्हणालो होतो. तू उजवीकडे फिरवलंस. लक्षात ठेव." फोटो बघणाऱ्याला वाटतं, धीर देतोय.

चौकशीत तेच धरलं. मी सांगायला गेले. दुपारपर्यंत दाराशी बसवून ठेवलं आणि मग म्हणाले, नवऱ्यासाठी बायको बोलणारच. तेव्हा पेपरात या फोटोतला नुसता चेहरा छापला होता. बाह्या कुणी पाहिल्याच नाहीत.

तुझ्या आजोबाला घरी पाठवलं. गल्लीत त्याला 'डावा-उजवा' म्हणायला लागले. न्हावी दाढी करताना विचारायचा, "काय हो, डावा गाल कुठला?" तो हसायचा. एकोणीस वर्षं हसला आणि हसत हसत गेला. मी नाही हसले.

बिस्किटांचं आता कळलं का? ड्युटीवरून येताना खिशातून दोन बिस्किटं आणायचा, एक त्याचं, एक माझं. त्याचं नाव धुतल्याशिवाय ते तोंडात घालायचं नाही, असं मी त्या संध्याकाळी ठरवलं.

अर्ध्याला पुरा होऊ द्यायचा नाही, खारू. आता फोटोकडे परत जा आणि बघ. डावी बाही अडीच असेल.

आजी


१९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

मी बघून आले. आजी, रागावू नकोस. फोटोत अडीच पट्ट्यांची बाही उजवी आहे. दोनदा बघितलं. त्यांच्या जागी स्वतः उभी राहून, हात पुढे करून बघितलं. सफाईवाली म्हणाली, "बाई, कवायत करताय का?" उजवीच आहे.

तेहतीस वर्षं झाली. माणसाची आठवण म्हणजे काही शिवण नव्हे. कदाचित फोटो दुसऱ्या दिवसाचा असेल. कदाचित तू त्या दिवशी उजवी आधी घेतली असशील. आणि खरं सांगू, एका बाहीवरून कोण काय मानणार? उद्या मी काही बोलले तर म्हणतील, सुकाणूवाल्याची नात आहे, बोलणारच. तुला म्हणाले तसंच.

तिसरी पट्टी कापून ठेवली आहे. शेवटचं माप आठ मार्चला. मला ती शिवावी लागेल. माझं काम आहे ते.

अंजीर पाठवले आहेत, सोबत लोकरीचे मोजेही.

तुझी,
खारू


२३ फेब्रुवारी

खारे,

अंजीर कडक होते. मोजे दोन्ही डाव्या पायाचे वाटतात, पण माझ्या आठवणीचा काय भरवसा.

एकच विचारते. त्या फोटोत कोटाची कुठली बाजू वर आहे? पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर चढते. आरमारात तर मेला तरी डावीच वर. जा आणि बघ.

उजवी बाजू डावीवर चढलेली दिसली, तर एक तर अर्धा बायकोचा कोट घालून माणसं वाचवत होता, नाहीतर फोटो छापणाऱ्याने निगेटिव्हची काच उलटी ठेवली.

मला अक्षर येत नाही. तुला चार भाषांतली येतात.

आजी

(मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. हे मी त्यांना न सांगता लिहितो आहे. — टपाल)


११ मार्च

आजी,

उजवी बाजू वर आहे. फोटो उलटा आहे. आरशातल्यासारखा.

दोन महिने तो फोटो तिथे आहे. रोज शंभर अधिकारी खालून जातात आणि एकालाही डावं-उजवं कळलेलं नाही. आणि हाच शिक्का त्यांनी आजोबांवर मारला होता. मी तिथेच हसायला लागले. सफाईवाली दूर जाऊन उभी राहिली.

शेजारच्या पाटीवर त्यांच्या बढत्यांच्या तारखा आहेत. अडीच पट्ट्यांची तारीख अपघाताचीच. म्हणजे आदल्या दिवशी शिवली असं म्हणायची सोय नाही. जबानीत मात्र ते पहाटेपासून टक्कर होईपर्यंत जहाज सोडून कुठे गेले नव्हते. ती जबानीही तिथेच काचेखाली ठेवली आहे, शौर्याचा पुरावा म्हणून.

मग भिंग लावून घोंगडीतल्या माणसाकडे बघितलं. मान खाली आहे, तोंड दिसत नाही. कान दिसतो. माझाच कान आहे तो, आजी. वरून दुमडलेला.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. पहिल्या मापानंतरच त्यांनी माझं नाव शिवणखान्याच्या मुख्य जागेसाठी सुचवलं होतं. मास्तर जूनमध्ये निवृत्त होतात. म्हणून मला ती बाही उजवी हवी होती. फोटो मी नीट बघितला होता, कोट बघितला नव्हता. बघायचाच नव्हता.

आठ तारखेला शेवटचं माप झालं. मी कोट चढवला. त्यांनी आरशासमोर दोन्ही हात पुढे केले. डाव्या मनगटावर जाडीवर तीन बारीक. उजव्यावर दोनच.

ते म्हणाले, "उजवी राहिली."

मी म्हटलं, "हो साहेब. माझी आजी डावी आधी शिवते. मीही."

ते आरशात बघत राहिले. मी म्हटलं, "तेव्हाही उजवी राहिली होती. भोंगा वाजला ना."

आजी, माणूस कसा उभा राहतो ते लिही म्हणाली होतीस. तो उभा राहिला नाही. कोट अंगात तसाच ठेवून माझ्या स्टुलावर बसला. बराच वेळ हात पुढेच होते, खाली घ्यायचे विसरल्यासारखे. मग विचारलं, "त्या आहेत?" मी म्हटलं, "आहेत. त्याच बंदरात, त्याच गल्लीत." कोट काढून दिला आणि निघून गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पाकिटात फोटोच्या दोन प्रती आहेत, एक भिंतीवर आहे तशी, एक सुलटी करून घेतलेली. तारखा आणि जबानी उतरवून दिली आहे. पुढे काय करायचं ते तू ठरव. माझ्या खुर्चीचं मी बघते.

खारू


१९ मार्च

खारूताई,

आता शाबास. मोजे पायात बसले.

टपालनी तुझ्या कागदांची दोन पाकिटं केली. एक मंत्र्याच्या कचेरीत, नेमणूक तिथून होते म्हणून. दुसरं त्या वर्तमानपत्राला, ज्याच्या माणसाने फोटो काढला होता. मूळ काच त्यांच्याकडेच असणार. पाकिटं तयार होऊन दोन दिवस टेबलावर पडली होती. टपाल विचारायचे, "मावशी, टाकू का?" मी म्हणायचे, थांबा. येईल तो.

परवा आला. साधा शर्ट, साधी पँट, एकटा. दुपारी तीनला. बाही कोरी असली की मला माणूस ओळखता येत नाही, आणि डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. पण दारात उभं राहून त्याने शर्टाची मनगटं खाली ओढली आणि जुळवून पाहिली. मी म्हटलं, "ये अर्ध्या. कोट आणला नाहीस? उजवी पुरी करून दिली असती."

त्याला बसवलं. टपालनी चहा आणला. ट्रे मी पाकिटांवरच ठेवायला लावला.

खूप बोलला. म्हणाला, वय लहान होतं. म्हणाला, दोन माणसं गेलेली बघून डोकं चाललं नाही. म्हणाला, तोंडातून एकदा निघालं, मग मागे घेता आलं नाही. मी बिनसाखरेचा चहा पीत ऐकत होते. मग विचारलं, "कानात काय म्हणाला होतास त्याच्या?" त्याने सांगितलं. शब्द न् शब्द. बघ, विसरला नव्हता. तुझ्याहून बरी आठवण.

मग खरं बाहेर आलं. "बाई, चौदा दिवसांनी मी मुख्य होईन. त्या दिवशी पहिली सही तुमच्या नवऱ्याच्या कागदावर करतो. त्यांचा दोष पुसून टाकतो. एका सहीचं काम. मी मुख्य नसेन तर नवी चौकशी बसेल, साक्षी, फायली. तुमचं वय काय, बाई?"

वयाचं यालाही आठवलं.

खोटं कशाला सांगू, खारू, मी गप्प झाले. एक सही. ती बघायला मी नक्की जिवंत असेन. तुझी खुर्चीही राहील. त्याने माझं गप्प बसणं पाहिलं आणि कपाकडे हात नेला. पहिल्यांदाच. तोवर चहाला शिवला नव्हता.

तो कप त्याने उचलला ना, तिथे माझं ठरलं. इतका निवांत उचलला.

मी म्हटलं, "ज्याने चिखल फासला त्याच्याच हातून आंघोळ घालून घ्यायची, वर त्याचे उपकार मानायचे? तू पुसणार कसं? चूक कुणाची होती म्हणून लिहिणार?"

म्हणाला, "यंत्राची असं लिहिता येईल."

"यंत्राला बायको नाही ना, त्याच्यासाठी बोलायला," मी म्हटलं.

चार वाजायला पाच मिनिटं होती. आमच्या कोपऱ्यावरची टपालपेटी चारला उघडतात. टपालना ते झोपेतही कळतं, चाळीस वर्षं त्यांनीच उघडली. मी म्हटलं, "टपाल, ट्रे उचला."

मला वाचता येत नाही. त्याला येतं. ट्रेखाली वरच मंत्र्याच्या कचेरीचं पाकीट होतं, चहाचा गोल डाग पडलेलं. त्याने ते वाचलं. मग खालचं वाचलं. हात पुढे आला, पट्ट्या जुळवायला येतो तसा, आणि टेबलावर थांबला. टपालनी पाकिटं उचलली आणि चपला घातल्या. त्या वयात ते असे धावू शकतात, हे मला माहीत नव्हतं. (मी धावलो नाही. भराभर चाललो. — टपाल)

तो म्हणाला, "बाई, तुम्हाला यातून काय मिळणार?"

मी म्हटलं, "तू जहाजावर नव्हतास, हे तुझ्या तोंडून. मोठ्याने. शर्टाच्या बाहीत. जबानीत तुझ्या आवाजात 'मी डावीकडे म्हणालो' हे लिहून ठेवलंय ना, मग हेही तुझ्याच आवाजात हवं."

तो उठला. कप तसाच भरलेला. दारातून जाताना उजवीकडचा जिना उतरायचा, तर डावीकडे वळला. तिकडे भिंत आहे.

मी काही बोलले नाही. हुकूम द्यायचं काम माझं नाही.

तुझी खुर्ची आता जाईल. ते मला माहीत होतं, आणि तरी ट्रे उचलायला सांगितला. शिव्या द्यायच्या असतील तर पत्रात लिही, टपाल वाचून दाखवतील.

आजी


६ एप्रिल

प्रिय आजी,

शिव्या नाहीत. ऐक.

वर्तमानपत्राने मूळ काच काढली आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापले, बाह्यांभोवती गोल काढून. त्या दिवशी मार्गिकेत गर्दी झाली. जो तो आपल्याच कोटाची बाजू तपासत होता. संध्याकाळपर्यंत भिंत रिकामी.

मंत्र्याने समिती बसवली. अर्धा म्हणाला होता तशा साक्षी-फायली लागल्याच नाहीत. पहिल्याच दिवशी तो साध्या कपड्यात आला आणि उभा राहून म्हणाला, "टक्कर झाली तेव्हा मी जहाजावर नव्हतो. मी शिंप्याकडे होतो. हुकूम दिला नव्हता. सुकाणूवाल्याने तीनदा विचारलं होतं, हे मला नंतर कळलं." मी दाराबाहेर होते. दार उघडं ठेवायला त्यानेच सांगितलं होतं म्हणे. का ते माहीत नाही. तू 'मोठ्याने' म्हणाली होतीस म्हणून असेल.

नेमणूक रद्द झाली. दुसरे व्हाइस ॲडमिरल मुख्य झाले. त्यांची तिसरी पट्टी मास्तरांनी स्वतः शिवली. मला झेंड्यांच्या खोलीत बसवलंय. वरून सांगितलं, 'कामाची गरज'. झेंड्याला डावं-उजवं नसतं, वारा येईल तसं. जूनमधल्या जागेचं कुणी बोलत नाही, मीही विचारत नाही.

आजोबांचा कागद नोंदणी टपालाने निघाला आहे. मी आधीच वाचला. 'सुकाणूवाल्याचा कोणताही दोष नव्हता.' एवढं एकच वाक्य. बाकी नुसते शिक्के.

त्याचा कोट न्यायला कुणी आलेलं नाही. डावीवर तीन, उजवीवर दोन, तसाच माझ्या जुन्या खुंटीवर टांगलेला आहे. उसवायचा हुकूम माझ्या नावाने आलाय. उसवू?

खारू


१२ एप्रिल

खारूताई,

कागद आला. पोचपावतीवर मी अंगठा दिला. नवा पोस्टमन म्हणाला, आजी, घट्ट दाबलात. टपालनी तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा शिक्केसुद्धा वाचले, जुनी सवय.

मग आम्ही दोघं न्हाव्याच्या दुकानात गेलो. जुना न्हावी आता खुर्चीवर नुसता बसतो, त्याचा मुलगा कात्री चालवतो. दुकान भरलेलं होतं. मी टपालना मधे उभं केलं आणि वाचायला सांगितलं. एकच वाक्य, पण परत परत वाचायला लावलं. चौथ्या खेपेला म्हातारा म्हणाला, "कळलं, वहिनी." मी म्हटलं, "तुमचा डावा गाल कुठला?" त्याने हात लावून दाखवला. हात चुकीच्या गालावर गेला. घाबरला असेल. मी दुरुस्त केलं नाही.

लोक म्हणतात, सूड घेतला की झोप उडते. त्यांनी नीट घेतला नसेल. मी रोज दुपारीही झोपते.

त्याने दार का उघडं ठेवलं ते मला विचारू नकोस. चांगलं केलं असेल तर केलं. त्याबद्दलचा चहा मी आधीच दिला होता, तो त्याने घेतला नाही.

तुझ्या खुर्चीचं मात्र टोचतं. उगीच तोंड वाकडं करून बसू नकोस, मलाही टोचतं. पण तू डावी शिवून उजवी सोडलीस, ती माझ्या सांगण्यावरून नव्हे. मी तसं कुठल्या पत्रात सांगितलंय? टपालना सगळी पत्रं परत आठवायला लावली. नाही सांगितलेलं. ते तुझं तू केलंस. खुर्चीपेक्षा तो हात मोठा आहे. मास्तरांना सांग, झेंड्यांनाही दुहेरी शिवण लागते. वर्षभरात परत बोलावतील. माझ्यासारखी बाही वाचणारं तुझ्याशिवाय तिथे आहे कोण?

कोट उसवू नकोस. हुकूम आला असेल तर म्हणावं, सुई बोथट आहे. राहू दे खुंटीवर, एक हात पुरा, एक अर्धा. आत येणाऱ्या प्रत्येकाने विचारावं, हा असा का, आणि तू सांगावंस.

आता नीट लिहून घे, नाहीतर परत अंजीर येतील. बिस्किटं पाठव. तीच, जहाजावरची कडक, मोठा डबा. मऊ नको, गोड नको, दूध घातलेली नको. आता खरंच दात नाहीत, पण चहात बुडवून धरेन, मऊ होईपर्यंत. तेहतीस वर्षं थांबले, अर्धा तास थांबेन. डब्यातली दोन वेगळी कागदात बांध. ती टपालना द्यायची नाहीत.

आजी